वाचनालयात दरमहा माहितीपट आणि चर्चा: प्रोजेक्टर, परवानगी आणि शेवटी पसरणारी शांतता

खारेगावची_खाडी विचारतात:

कळव्याजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा सामाजिक आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवरचा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घ्यायची आहे. विषय घराजवळचे: खाडी आणि तिवरं, कचरा, गटारसफाई, प्रकल्पग्रस्त, डोंगरउतारावरच्या वस्त्या. तिकीट नाही.

हॉल २४ × ३६ फूट, छत १० फूट, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला रेल्वेकडे उघडणाऱ्या चार खिडक्या. प्रोजेक्टर जुना, ३३०० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप), चौकोनी चित्राचा (१०२४ × ७६८). ६० खुर्च्या. येणारे लोक मिश्र: ज्येष्ठ नागरिक, कॉलेजची मुलं, गावठाणातल्या बायका, सोसायट्यांमधली मंडळी. इंग्रजी सबटायटल निम्म्या लोकांना वाचता येत नाहीत.

प्रश्न तीन. कायद्याने काय लागतं? एवढ्या साहित्यात चित्र आणि आवाज धड कसा मिळेल? आणि मुख्य म्हणजे, चित्रपट संपल्यावर "छान होता" म्हणून लोक चपला शोधायला लागतात, त्याचं काय करायचं?

---

कलम_बावन्न:

दोन कायदे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला कॉपीराइट कायदा, १९५७. "आम्ही तिकीट लावत नाही, म्हणजे परवानगी नको" हा समज चुकीचा. कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर प्रयोग करायची सूट आहे, पण ती साहित्य, नाटक आणि संगीत यांना. चित्रपट त्यात नाही. चित्रपटाची सूट शिक्षणसंस्थेला आहे, तीही प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असतील तर. कॉलेजच्या एनएसएसने (राष्ट्रीय सेवा योजना) स्वतःच्या मुलांना दाखवलं तर चालतं. वाचनालयाने बाहेरच्यांना बोलावलं की परवानगी हवी. ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. एखादी कंपनी आपल्या ठरावीक माहितीपटांना शैक्षणिक खेळाची मुभा देते, पण ती त्या चित्रपटाच्या पानावर स्पष्ट लिहिलेली असते. नसेल तर नाही. यूट्यूबवर फुकट दिसतो म्हणूनही हक्क मिळत नाही. प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं उलटलेले चित्रपटच मोकळे.

प्रत्यक्षात हे फार अवघड नाही. माहितीपटवाल्यांना प्रेक्षक हवे असतात. दिग्दर्शकाला ईमेल करा, त्यात तारीख, जागा, खुर्च्या किती, तिकीट नाही, चर्चा कोण चालवणार आणि फाइल कोणत्या रूपात हवी एवढं लिहा. "मानधन किती घ्याल?" हे तुम्हीच विचारा. बरेच जण नको म्हणतील, पण विचारायलाच हवं. खेळानंतर किती लोक आले आणि काय बोलले हे दहा ओळींत कळवलं तर पुढचा चित्रपट मागणं सोपं जातं. उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं "दाखवा हो" कागदावर नसतं.

दुसरा सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. अनेक माहितीपटांकडे ते नसतं, आणि त्यावरून महोत्सवांतसुद्धा भांडणं झाली आहेत. मुंबईच्या माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली, त्या वादातून २००४ साली 'विकल्प' हे माहितीपटकारांचं व्यासपीठ उभं राहिलं. तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे पहिले दोन-तीन चित्रपट प्रमाणपत्रवाले निवडा. पुढे जायचं असेल तर फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी जोडून घ्या. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून चालू आहे, कामाची पद्धत तिथे बघायला मिळेल. सभासद-नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि आमंत्रण सभासदांनाच पाठवा. "सर्वांना मुक्त प्रवेश" असा फ्लेक्स नाक्यावर लावून नंतर "हा खासगी खेळ होता" म्हणता येत नाही.

बंद हॉलमध्ये आवाजाचा फारसा प्रश्न येत नाही. मैदानात स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी, महापालिकेची जागा असेल तर प्रभाग समिती कार्यालयाचं पत्र, आणि रात्री १० नंतर स्पीकर बंद.

---

चौथी_रांग:

आधी प्रोजेक्टरचा हिशोब. चौकोनी प्रोजेक्टरवर रुंद चित्र दाखवलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, म्हणजे चौथा हिस्सा उजेड फुकट जातो. ३३०० चे उरले सुमारे २४७५. दिवा जुना असेल तर निम्मेच धरा, १२०० च्या आसपास. त्यात ८ फूट रुंद, ४.५ फूट उंच चित्र म्हणजे ३६ चौरस फूट. दर चौरस फुटाला ३३-३४ ल्यूमेन. अंधाऱ्या हॉलला हे भरपूर झालं, उघड्या खिडकीसमोर काहीच नाही. १२ फुटांचा मोह टाळा. क्षेत्रफळ ८१ होतं आणि उजेड १५ वर येतो. नवीन प्रोजेक्टर घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा "९००० ल्यूमेन" वाचू नका. "एएनएसआय ल्यूमेन", म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले, किती ते विचारा. दुकानदार गप्प झाला तर उत्तर मिळालं.

खिडक्यांना काळं कापड लावा, वर्तमानपत्र नको. त्यातून उजेड झिरपतो आणि लोकल गेली की फडफडतं. रेल्वेच्या बाजूच्या काचा बंद ठेवाव्या लागतील, मग पंखे हवेतच. इथे नेहमीची चूक होते: प्रोजेक्टर उंच ठेवतात आणि पाती किरणांच्या वाटेत येतात, पडद्यावर लुकलुक दिसते. या जातीच्या प्रोजेक्टरला बहुधा चित्राच्या रुंदीच्या दीड ते पावणेदोन पट अंतर लागतं, म्हणजे तुम्हाला १२ ते १४ फूट. टेबल तिथे, दोन रांगांच्या मध्ये. किरण तिरका गेला की लोक कीस्टोनचं बटण दाबून चित्र चौकोनी करतात. त्यात उजेडही जातो, अक्षरंही पुसट होतात. त्यापेक्षा टेबलाची उंची बदला.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर हवी. माहितीपटात अर्धी माहिती खालच्या दोन ओळींत असते आणि पुढच्याचं डोकं नेमकं तिथे येतं. पहिली रांग ९ फुटांवर, शेवटची २७ च्या आत (चित्राच्या उंचीच्या सहा पट). नऊ-नऊ खुर्च्यांच्या सात रांगा होतात, तुमच्या साठ बसल्या. मागे ९ फूट उरतात, तिथे चहा.

आवाज. टाइल्सच्या हॉलमध्ये शब्द घुमतात, मग कोणीतरी "मोठा करा" ओरडतं, मोठा केला की आणखी घुमतो. मागच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगा, मिक्सरवर १०० हर्ट्झखालचा बास कापा. फरक लगेच कळतो. स्पीकर दोन, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, स्टँडवर डोक्याच्या वर. प्रोजेक्टरमधला छोटा स्पीकर हा स्पीकर नाही.

फाइल मागताना "१०८० पी, एच-२६४, एमपी-४, स्टीरिओ" असं लिहा. स्टीरिओ हा शब्द विसरू नका. महोत्सवाची ५.१ ची (सहा चॅनलच्या आवाजाची) फाइल लॅपटॉपवर लावली की संगीत दणदणीत आणि माणसं कुजबुजत बोलतायत असं होतं, कारण संवाद मधल्या चॅनलवर असतात. फाइल १० मेगाबिटची असेल तर तासाभराच्या चित्रपटाचे साडेचार जीबी होतात. एफएटी-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही, आणि हे बहुतेकांना खेळाच्या दिवशी दुपारी कळतं. पेनड्राइव्ह एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करून ठेवा, दुसरी प्रत लॅपटॉपवर.

जुन्या प्रोजेक्टरला नुसतं व्हीजीए (जुन्या प्रकारची केबल-जोडणी) असेल तर ओटीटीचं ॲप काळा पडदा दाखवेल आणि आवाज मात्र येईल. यंत्र बिघडलेलं नसतं, ती नक्कल-बंदी असते. फाइलवरून दाखवलं की प्रश्नच नाही. स्पीकरमधून 'हूंऽऽ' येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबलं तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिलं तर ऑडिओ आयसोलेटर लावा.

आणि यूपीएस. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा जातो. १ केव्हीएचा यूपीएस पिक्चर पूर्ण करणार नाही, पण नीट बंद करायला वेळ देतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, एवढं केलेलं बरं.

---

वेलांटी:

सबटायटलबद्दल. निम्म्या लोकांना वाचता येत नसेल तर मराठी करणं हा सौजन्याचा भाग नाही, त्याशिवाय चर्चाच होणार नाही. 'सबटायटल एडिट' हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, दिग्दर्शकाकडून इंग्रजी एसआरटी (सबटायटलची फाइल) मागा आणि त्यावर भाषांतर करा. बोलका तासाभराचा माहितीपट असेल तर सात-आठशे तुकडे होतात. दोघांनी वाटून घ्यावेत, तिसऱ्याने इंग्रजी न बघता नुसतं मराठी वाचावं. जिथे तो अडखळतो तिथे भाषांतर फसलेलं असतं.

एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५-३८ अक्षरं. सेकंदाला १२-१३ अक्षरांच्या वर गेलात तर ज्येष्ठ मंडळी मागे पडतात. सगळं बोललेलं लिहायचा हट्ट सोडा. "गाळाचे अवसादन" लिहिलंत तर हॉलमधल्या कोळणी तुम्हाला हसतील. "गाळ साचतो" लिहा. बोलणारा गावचा असेल तर त्याला पुस्तकी बोलायला लावू नका.

आता घोळ कुठे होतो. व्हीएलसीमध्ये प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि फाँट 'नोटो सॅन्स देवनागरी' निवडा. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडके दिसू लागले, तर तो लॅपटॉप देवनागरी नीट जुळवत नाही. तिथे झगडत बसू नका, 'हँडब्रेक'मधून सबटायटल चित्रातच छापून घ्या. त्यासाठी दिग्दर्शकाची परवानगी वेगळी मागा. सबटायटल सुरुवातीला बरोबर आणि शेवटी दोन-अडीच मिनिटं मागे-पुढे, असं झालं तर फ्रेमचा वेग जुळत नाही: एक फाइल सेकंदाला २५ फ्रेमची, दुसरी २३.९७६ ची. तासाला जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो. नुसतं पुढे-मागे सरकवून ते बसत नाही, सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदला.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या तासापर्यंतच्या चित्रपटाला माइकवर वाचून दाखवणारा माणूस चालतो. वाचणाऱ्याने अभिनय करू नये, आणि मूळ आवाज पूर्ण बंदही करू नये. रडणं, ओरडणं, पाण्याचा आवाज याला भाषांतर लागत नाही.

---

तिवरांची_मुळं:

तुमचा तिसरा प्रश्न. शांतता चित्रपट संपल्यावर पडत नाही, ती आधीच पेरलेली असते: दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. चाळीस मिनिटं ऐकून घेतलेल्या माणसाला आपण इथे ऐकायला आलोय हे पक्कं समजलेलं असतं. मग त्याने बोलावं ही अपेक्षा कशी करता? सत्कार काढून टाका. सुरुवातीला दोन वाक्यं: चित्रपट इतक्या मिनिटांचा, नंतर इतका वेळ बोलायचं.

लांबी ३० ते ५० मिनिटं. चर्चेला चित्रपटाइतकाच वेळ. रविवारी ५ ला सुरू केलंत तर ७ ला मोकळे. सातला सुरू केलंत तर स्वयंपाकघर जिंकतं आणि बायका सगळ्यात आधी उठतात. मग उरतात ते नेहमीचे चार बोलके काका.

संपल्यावर सगळ्या ट्यूब एकदम लावू नका. श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या, मागचा एक दिवा लावा. तेवढ्यात प्रत्येकाला चिठ्ठी: "डोक्यात राहिलेलं एक दृश्य." मग पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोला. साठ लोकांसमोर उभं राहायला धीर लागतो, शेजारच्या खुर्चीशी बोलायला लागत नाही. खुर्च्या अर्धगोलात वळवा. माइक चालकाच्या हातात राहील, तो पुढे धरायचा, सोपवायचा नाही. सोपवला की प्रश्नाच्या नावाखाली भाषण.

"चित्रपटातून काय संदेश मिळाला?" हे विचारू नका, त्याला शाळेचा निबंध मिळतो. "यात कोण दिसलं नाही?" विचारा. "याचा खर्च कोणी सोसला, फायदा कोणाला?" विचारा. आणि एक प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर घरी जाऊन बघता येईल. कचऱ्यावरचा चित्रपट असेल तर: "काल तुम्ही दिलेली ओल्या कचऱ्याची पिशवी आत्ता कुठे आहे?" भिंतीवर ठाण्याचा नकाशा लावा आणि दिवा, भांडार्ली, डायघर, आतकोली या शहराच्या कचऱ्याशी जोडलेल्या गावांवर खुणा करून ठेवा. "आपल्याकडे व्यवस्था चांगली आहे" म्हणणारे त्या नकाशापुढे जरा थबकतात.

तज्ज्ञ बोलवायचा तर शेवटी, दहा मिनिटं, तथ्य दुरुस्त करायला. सुरुवातीला बोलला तर बाकीच्यांचं बोलणं परीक्षेच्या उत्तरासारखं होतं.

एका पानाचं टिपण वाटा. खाडीचा विषय असेल तर: ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १६९० हेक्टर, रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा २०२२ मध्ये, तेव्हा क्षेत्र ६५२१ हेक्टर मोजलं गेलं, ऐरोलीला किनारी जैवविविधता केंद्र आहे. हे दोन आकडे वेगळे का, यावरूनच चांगली पंधरा मिनिटं जातात. प्रकल्पग्रस्तांचा विषय असेल तर १९७० ची सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), १९८४ चं उरणचं जमिनीसाठीचं आंदोलन आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्क्यांचे भूखंड या तीन ओळी पुरेत. ज्यांच्या घरात ते घडलं ते पुढचं सांगतील. त्यांना माइक आधी द्या.

चित्रपट गावठाणात नेऊन दाखवायचा असेल तर कॅलेंडरवर तिथी बघा. उधाणाच्या दिवसांत डोलीवाले (डोल जाळ्याने मासे धरणारे) पाण्यावर असतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत घरी सापडतात. उन्हाळ्यात पावणेआठच्या आत पडदा दिसत नाही आणि १० ला स्पीकर बंद, त्यामुळे उघड्यावर मोठा चित्रपट नकोच. डिसेंबरात साडेसहालाच अंधार, तेव्हा जमतं. खाडीचा वारा पडद्याला शिडासारखा ओढतो. चारही कोपरे बांबूला, बांबू मागे-पुढे दोरांनी ताणलेले, आणि पडदा थोडा सैल.

---

शेवटचा_बाक:

वरचं सगळं मान्य, पण ५० मिनिटांचा नियम नको. माहितीपट म्हटलं की आधीच पटलेली माणसं येतात. कथापटाला सोसायटीतली मंडळीही येतात. 'कोर्ट' (२०१४) घ्या: एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. बराचसा मराठीच आहे, आणि कोणी भाषण देत नाही. हो, ११६ मिनिटांचा आहे. मग ४ ला सुरू करा आणि मध्ये चहा देऊ नका, चहा चर्चेच्या आधी द्या.

त्याचं टिपण: हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आणि प्रश्न: "आपल्या सोसायटीची सेप्टिक टाकी शेवटची कोणी उपसली? माणूस आत उतरला होता का? कंत्राटाचा कागद कोणाकडे आहे?" याचं उत्तर सेक्रेटरीला द्यावंच लागतं.

एक सावधगिरी. हॉलमध्ये सफाई कामगार किंवा वॉचमन बसलेले असतील तर "तुमचा अनुभव सांगा" म्हणून त्यांना उभं करू नका. त्यांचा साहेब दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो. बोलायचं असेल तर आठवडाभर आधी त्यांना विचारा, आणि नको म्हणाले तर तिथेच सोडा.

---

तिवरांची_मुळं:

@शेवटचा_बाक, कथापटाला माझा विरोध नाही. पण पहिल्याच महिन्यात तीन तास बसवलं तर दुसऱ्या महिन्याला खुर्च्या रिकाम्या. चौथ्या-पाचव्या खेळाला घ्यावा. मोठ्या चित्रपटाचे तुकडे मात्र कोणी दाखवू नयेत. निवडलेला तुकडा म्हणजे आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी.

---

खारेगावची_खाडी:

सगळ्यांचे आभार. पहिला खेळ डिसेंबरातला रविवार, ५ वाजता, ४५ मिनिटांच्या आत, विषय कचरा. सत्कार रद्द, समितीतले दोघे रुसलेत, होईल ठीक. उरले दोन प्रश्न. लहान मुलं येतील, त्यांचं काय? आणि पडदा चादरीचा चालेल का?

---

कलम_बावन्न:

प्रमाणपत्र बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. तो पालकांसाठीचा इशारा आहे, दारात अडवायचा नियम नाही. 'ए' असेल तर १८ खालच्यांना आत घेऊच नका. आमंत्रणातच वय छापा.

---

चौथी_रांग:

चादर नको. उजेड आरपार जातो आणि चित्र मागच्या भिंतीवरच जास्त चांगलं दिसतं. फ्लेक्सची पांढरी मागची बाजूही नको, मधोमध चकाकते. पडदे शिवणाऱ्याकडे पांढरं ब्लॅकआउट कापड मागा, ५४ इंच पन्ह्याचं, अडीच मीटर. ते आडवं वापरा: ५४ इंच म्हणजे बरोबर साडेचार फूट उंची मिळते, मध्ये शिवण येत नाही. वर-खाली दुमडायला कापड कमी पडेल, म्हणून चारही बाजूंना ४ इंच काळं पॉपलीन जोडून घ्या आणि वर-खाली पाइप जाईल एवढी नळी शिवायला सांगा. खालच्या नळीत पाइप घातला की सुरकुत्या जातात. चित्र ९२ × ५२ इंचांचं बसवा, म्हणजे कडा काळ्या पट्टीत संपतात. घडी घालू नका, पाइपवर गुंडाळून ठेवा. घडीची रेघ नेमकी सबटायटलच्या ओळीवर येते.